आवाजी मतदान

तोंडातून ‘नाही’ निघून गेलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की दुरुस्ती आपलीच होती. सत्ताधारी बाकांवरून जेवणानंतरचा एक जाड, आळसावलेला ‘नाही’ उठला होता आणि त्यात त्याचाही एक होता. चांगला खणखणीत, सरावलेला. त्याआधी उपाध्यक्षबाईंनी ‘अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे’ असं म्हटलं तेव्हा आपण काय करत होतो, हे आठवायचा त्याने प्रयत्न केला. कागद सारखे करत होतो. भाषण संपवून खाली बसल्यावर हात थोडे थरथरत होते, ते कुणाला दिसू नयेत म्हणून कागदांच्या कडा जुळवत होतो. समोरच्या बाकांवरून तुरळक ‘होय’ आले. त्यांतला एक विरोधी पक्षातल्या डॉक्टरीणबाईंचा होता, हे त्याने ऐकलं, त्याला बरंही वाटलं, आणि त्या बरं वाटण्यात आपला स्वतःचा ‘होय’ म्हणायचा राहूनच गेला. मग बाईंचं ते ओळखीचं दुसरं वाक्य आलं, ‘प्रतिकूल असतील त्यांनी’, आणि त्या वाक्याला त्याचं तोंड इतकी वर्षं जसं उघडत आलं होतं तसं ते उघडलं. दारापाशी आलं की हात खिशातल्या किल्लीकडे जातो. त्याला कुणी सांगावं लागत नाही.

शेजारचे घड्याळवाले एकदम जागे झाले. निवडून येण्यापूर्वी त्यांचं घड्याळांचं दुकान होतं आणि सभागृहात त्यांचा बहुतेक वेळ डुलक्या काढण्यात जात असे. पण नेमकी मजेची गोष्ट त्यांच्या झोपेतून कधी सुटत नसे. “अहो, स्वतःच्याच गोलात गोल मारलात की!” ते कुजबुजले आणि पोट हलवत हसले. आणि तोही हसला. पुढे कितीतरी वेळ त्याला आपल्या ‘नाही’पेक्षा या हसण्याची जास्त लाज वाटत राहिली. ‘नाही’ निदान नकळत गेलं होतं. हसायला त्याला कुणी लावलं नव्हतं. हसता हसताच त्याने वर बघितलं. प्रेक्षकांच्या सज्जात कठड्यालगतच्या रांगेत ताई बसली होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना तिच्या मंडळाची माणसं. सगळ्यांचे हात मांडीवर होते. सगळ्यांची नजर त्याच्यावर होती.

ताईला ऐकू येत नाही. लहानपणी आलेल्या एका तापात ते गेलं, आणि तेव्हापासून ती माणसांची तोंडं वाचते. आणि कशी वाचते! गल्लीत तिला ‘दुर्बीण’ म्हणायचे. खिडकीत बसून ती समोरच्या माडीवरचं नवराबायकोचं भांडण शब्दन्‌शब्द त्याला सांगायची, “आता ती म्हणतेय, तुमच्या आईनेच लाडावून ठेवलंय. आता तो म्हणतोय, आईचं नाव काढायचं काम नाही,” आणि तो पोट धरून लोळायचा. आईने तिला कितीदा दटावलं, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये. ती म्हणायची, मी कुठे नाक खुपसते, डोळे खुपसते. समोरची माडी तरी बरीच लांब होती. सज्जापासून त्याचं बाक त्याहून जवळ होतं, आणि इथे तर वरून दिव्यांचा नुसता भडिमार. ‘होय’ला ओठ गोल होतात. ‘नाही’ला फाकतात. ते ओळखायला दुर्बीणही नको.

पुढच्या काही क्षणांत जे झालं ते त्याने नंतर मनात पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं आणि दर वेळी ते तितकंच सावकाश चाललं. उपाध्यक्षबाई म्हणाल्या, “‘नाही’चे बहुमत आहे असे मला वाटते.” आणि थांबल्या. हे थांबणं रीतीचं असतं. त्या थांबण्यात कुणीही सदस्य उठून म्हणू शकतो की आवाजावरून ठरवू नका, मतविभागणी घ्या. मग घंटा वाजते, दारं लागतात, भिंतीवरच्या मोठ्या फलकावर दिवे लागतात आणि कोण कुठे उभा आहे ते सगळ्यांना दिसतं. या थांबण्यात उठण्यासाठीच तर तो आज आला होता. बाई पुन्हा म्हणाल्या, “‘नाही’चे बहुमत आहे.” आणि पुन्हा थांबल्या, या वेळी जरा जास्तच, चष्म्यावरून त्याच्याकडे बघत. समोरून डॉक्टरीणबाईंनी भुवया उंचावल्या. त्या खुर्चीच्या कडेला आल्या होत्या. पण दुरुस्ती ज्याची त्याने उठायचं असतं, मग बाकीच्यांनी पाठिंबा द्यायचा. त्यांनी हाताने त्याला खूण केली, उठा ना. त्याने मान खाली घातली. कागदांच्या कडा जुळलेल्याच होत्या. त्या त्याने पुन्हा जुळवल्या. “दुरुस्ती अमान्य झाली,” बाई म्हणाल्या, आणि सभागृह पुढच्या कलमाकडे वळलं.

म्हणजे चूक फक्त पहिली होती. दुसरी चूक नव्हती. त्याला नेमकं आठवत होतं त्याच्या मनात काय आलं होतं ते: आत्ताच आपण ‘नाही’ म्हणून ओरडलो, घड्याळवाल्यांनी ऐकलंय, मागच्या बाकानेही ऐकलं असेल, आता उठून ‘मोजा’ म्हटलं तर लोक हसतील. बस, एवढंच. पक्षाची भीती नव्हती, मंत्रिपदाची आशा नव्हती, काही म्हणजे काही मोठं नव्हतं. कुणी विकत घेतलं असतं तर निदान सांगण्याजोगं तरी झालं असतं. लोक हसतील म्हणून तो बसून राहिला. आणि बसून राहिल्यावर, हे कबूल करताना त्याच्या कानशिलांना चटका बसला, त्याला जरा हलकं वाटलं. पुढच्या रांगेतून प्रतोदांनी मागे वळून पाहिलं होतं आणि समाधानाने मान डोलावली होती. पक्षाची शिस्त सांभाळणाऱ्या या गृहस्थांना सगळे ‘हेडमास्तर’ म्हणत. त्यांची शाबासकी मिळाली की या वयातही छाती थोडी फुगते, ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही.

हेडमास्तरांनी तर सगळं आधी सोपं करून दिलं होतं. “मांडा की दुरुस्ती, कोण नको म्हणतंय? चांगलं बोला. मंत्री म्हणतील, भावना लक्षात घेऊ, नियम करताना बघू. तुम्ही आभार माना आणि मागे घ्या. बहीणबाई खूश, मंत्री खूश, आम्ही खूश.” रुग्णालयांच्या कायद्यात बारीकसारीक बदल करणारं विधेयक होतं, पेपरांतही त्याला आतल्या पानावर जेमतेम जागा मिळावी असं. कुठल्या समितीवर किती सभासद, परवाने कुणी द्यायचे, ‘संचालक’ या शब्दाऐवजी ‘महासंचालक’. त्यात त्याने एक ओळ घालायची म्हटली होती: प्रत्येक सरकारी रुग्णालयात, रात्रीबेरात्रीसुद्धा, खुणांची भाषा जाणणारा माणूस हजर असावा.

ती ओळ ताईची होती. भाऊजीही बहिरे, छापखान्यात खिळे जुळवण्यात त्यांचा जन्म गेला, आणि छापखान्याच्या त्या खडखडाटात आपल्यासारखा सुखी कुणी नाही असं ते खुणांनी सांगायचे आणि स्वतःच हसायचे. ते आजारी पडले तेव्हा ताई त्यांना घेऊन एकटीच गेली. दवाखान्यात सगळ्यांच्या तोंडावर फडकी. डॉक्टरच्या, नर्सच्या, ढकलगाडीवाल्याच्याही. आयुष्यभर जी तोंडं वाचत आली ती सगळी एकाएकी बंद. एक डॉक्टर बाहेर येऊन तिच्याशी बोलला. फडकं हलताना तिला दिसत होतं. तिने ऐकू येत नसल्याचं खुणेने सांगितलं, तर तो आणखी मोठ्याने बोलला असावा, कारण फडकं जास्त हलायला लागलं. मागे लोक ताटकळले होते. शेवटी तिने मान हलवली. तो आत गेला. त्यानंतर तिने भाऊजींना जिवंत पाहिलं नाही. “मी हो म्हटलं धाकट्या,” ती त्याच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून म्हणाली होती, “कशाला हो म्हटलं ते मला ठाऊक नाही. कापायला हो म्हटलं, की नका कापू म्हणायला हो म्हटलं, की त्यांना बघायला आत येता का म्हणत होता आणि मी नुसतीच मान हलवत उभी राहिले.” त्याची बायको भांडी विसळता विसळता थांबली होती. तो म्हणाला, ताई, तू असं मनाला लावून घेऊ नकोस. ती म्हणाली, “मनाला लावून घेत नाही. तू तिथे बसतोस ना? एक ओळ लिहायला काय लागतं?”

आणि मग तिने ती अट घातली. तो तिला सभागृहाची रीत समजावत होता, की सरकारची माणसं जास्त, दुरुस्ती पडणार हे धरूनच चाल; मागे घेतली तर मंत्री निदान आश्वासन देतील. तिने हात झाडला. “पडू दे. पण मोजून पडू दे. तुम्ही नुसते ओरडणार आणि आवाजावरून ठरवणार, त्यातलं आम्हांला काय कळणार? त्या पाटीवर दिवे लागतात म्हणतोस ना? ते लागू देत. किती जण आमच्या बाजूने आहेत ते आम्ही डोळ्यांनी बघू. चार असले तरी चार.” त्याने कबूल केलं. आढेवेढे न घेता, मोठेपणाने कबूल केलं. बायकोसमोर, दोघींकडे आळीपाळीने बघत, म्हणाला, मतविभागणी मी मागणार म्हणजे मागणारच. त्यावर ताईने त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की हातातला चहा सांडला.

आणि सकाळपासून सगळं किती नीट चाललं होतं! सज्जाचा पहारेकरी ताईच्या बहिऱ्यांच्या मंडळाच्या लोकांना आत सोडताना म्हणाला होता की वर हातवारे करायला मनाई आहे. घोषणा, टाळ्या, हातवारे काही चालत नाही. ताईने त्याच्या तोंडाकडे बघून घेतलं आणि बाकीच्यांना शेवटचं खुणेने सांगितलं की आता खुणा बंद. सगळे मुकाट्याने हात मांडीवर ठेवून बसले, जणू कुणी त्यांच्या तोंडात बोळे कोंबले होते. खालून ते बघताना त्याला राग आला आणि त्या रागात तो बोलला, फार चांगला बोलला. सज्जाकडे तोंड करूनच बोलला, म्हणून उपाध्यक्षबाईंनी टोकलं, “सदस्यांनी पीठासनाकडे पाहून बोलावे.” तो म्हणाला, महोदया, क्षमा करा, पण आज मला जिकडे पाहून बोलायचं आहे तिकडे ऐकू जात नाही. समोरच्या सदस्यांनी बाकं वाजवली. मंत्री उठले, भावना लक्षात घेऊ म्हणाले, सन्माननीय सदस्यांनी दुरुस्ती मागे घ्यावी अशी विनंती करतो म्हणाले, आणि तो उभा राहून म्हणाला, “मी मागे घेणार नाही.” हेडमास्तरांची मान झर्रकन वळली. त्या क्षणी तो कुणीतरी होता. बसल्यावर हात थरथरत होते ते त्यामुळेच. त्या थरथरण्याचा त्याला अभिमान वाटत होता, आणि त्या अभिमानाची चव अजून जिभेवर होती तेवढ्यात जिभेने हे करून ठेवलं.

विधेयक पुढे सरकत राहिलं. कलम अमुक विधेयकाचा भाग होत आहे, कलम तमुक विधेयकाचा भाग होत आहे. होय, होय, होय. आता दर वेळी तो तोंड घट्ट मिटून बसत होता, जणू या कलमांना होय न म्हटल्याने मघाचं काही पुसलं जाणार होतं. कार्यवृत्तात एवढंच येईल की दुरुस्ती मतास टाकण्यात आली व अमान्य झाली. गर्दीतला आवाज कुणाचा होता हे तिथे कुणी लिहीत नाही. म्हणजे हे कुणालाच कळणार नाही, घड्याळवाले सोडून, आणि ते तर एव्हाना पुन्हा पेंगत होते. कुणालाच नाही, फक्त वरच्या त्या एका रांगेला. सगळ्या सभागृहात जे कुणी ऐकू शकत होते त्यांना काही कळलं नव्हतं. वर बघायचं नाही असं ठरवून तो समोरच्या माइकच्या जाळीकडे बघत राहिला, तिच्या भोकांत साचलेल्या धुळीकडे. हा माइक आपण किती वर्षं बघतोय? निवडून आला तेव्हा ताई म्हणाली होती, आता तू बोलशील आणि सगळा देश ऐकेल, माझ्या वाटचंही. आणि त्याने इथे काय केलं होतं? इतर म्हणतील ते मोठ्याने म्हटलं होतं. एकट्याने, आपणहून, कुणीही आधी बोललेलं नसताना असा एकही शब्द इथे काढला होता का? आज काढला होता. ‘मागे घेणार नाही.’ तेवढाच. त्या शब्दाला पुढे लगेच आणखी एका शब्दाची गरज होती आणि तो त्याच्यापाशी नव्हता. शेवटी त्याने न राहवून वर पाहिलं तेव्हा ती रांग रिकामी होती. सज्जात तासाभरापुरतंच बसू देतात. रिकाम्या बाकावर पहारेकरी कुणाचं काही विसरलंय का ते बघत होता.

तो उठला, पण सरळ गेला नाही. आधी चहा घ्यायला गेला. चहा घेतला, आणखी एक घेतला. खात्याचे राज्यमंत्री आले आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, “छान बोललात हं. अगदी भिडलं. आणि शेवटी ताणलं नाहीत, ते तर फारच छान.” तो म्हणाला, धन्यवाद. धन्यवाद म्हणाला! जिभेला काही म्हणजे काही धरबंद राहिला नव्हता. ते लोक गेले असतील, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. परतीची गाडी गाठायची असेल, संध्याकाळी फोनवर लिहून कळवू, लिहिताना सावरून घेता येतं. भेटीच्या दालनाकडे जाणाऱ्या लांब बोळातून तो अशा चालीने चालत गेला की कुणी पाहिलं असतं तर त्याला घाई नाही, वजनदार माणूस आहे, असं वाटलं असतं.

ती गेलेली नव्हती. दालनात सगळी मंडळी घोळका करून उभी होती आणि इतका वेळ कोंडलेले हात आता सुटले होते. भरभर, एकमेकांना अडवत, सगळेच एकदम बोलत होते. ताईने त्याला पाहिलं. “धाकट्या!” ती ओरडली. तिचा आवाज मोठा आणि सपाट आहे, आपला आवाज केवढा निघतो ते तिला कळत नाही. दालनातले सगळे वळले. तिने येऊन त्याचे दोन्ही दंड धरले. “काय बोललास रे! मंत्र्याला तोंडावर म्हणालास, मागे घेणार नाही. मी यांना सांगत होते, लहानपणी झुरळाला घाबरायचा हा.” मागे मंडळाचे शिंपीकाका होते, वयाने सगळ्यांत मोठे, भाऊजींचे जिवलग. त्यांनी पुढे होऊन त्याचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही.

“ताई,” तो म्हणाला, “मघाशी माझ्या तोंडून...”

“ते ‘नाही’?” ती हसायला लागली. “पाहिलं की! सगळ्यांनी पाहिलं. काकांनी तर मला असं कोपर मारलं. मी म्हटलं, जीभ घसरली त्याची. वर्षानुवर्षं एकच शब्द बोलायचा म्हटल्यावर होणारच. यांना तर इतकं हसू आलं, तो पहारेकरी डोळे वटारायला लागला.” मंडळी त्याच्याकडे बघून अजूनही हसत होती, मायेने, घरातल्या माणसाची फजिती व्हावी तसं. एवढंच होतं तर. उगाच जिवाला घोर लावून घेतला. त्याला वाटलं आता आपण रडणार, आणि रडलो तरी हरकत नाही.

“पण मला एक सांग,” ताई म्हणाली. तिने त्याचे दंड अजून धरलेच होते. “त्यानंतर त्या बाई दोनदा काहीतरी म्हणाल्या, आणि तू खाली मान घातलीस. तुझं तोंडच दिसेना. आम्ही म्हटलं, आता मागतोय हा मतविभागणी. सगळे त्या पाटीकडे बघत बसलो, की आता दिवे लागतील. लागलेच नाहीत. काय झालं? नाकारली का त्यांनी?”

तिने सगळं तयार करून त्याच्या हातात दिलं होतं. ‘हो’ एवढाच शब्द. तिने त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला असता. उपाध्यक्षबाईंना, सरकारला, सगळ्या सभागृहाला चार शिव्या घातल्या असत्या आणि त्याला जेवायला घरी नेलं असतं. मंडळी त्याच्यासाठी चिडली असती. तोंडात तो शब्द आलेलासुद्धा त्याला जाणवला. ओठ गोल व्हायला लागले. तिचे डोळे त्या ओठांवर होते.

“मी मागितलीच नाही,” तो म्हणाला.

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. “पुन्हा सांग,” ती म्हणाली.

उभ्या आयुष्यात तिला त्याचं बोलणं पुन्हा विचारावं लागलं नव्हतं. तोंडात घास असताना, अंधारात, आरशात, कसंही बोललं तरी तिला ते कळायचं. त्याने पुन्हा सांगितलं. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. “मी उठलोच नाही, ताई. काही बोललो नाही. नुसता बसून होतो.”

तिने त्याचे दंड सोडले. मग ती वळली आणि बाकीच्यांना हातांनी सांगू लागली. त्यांची भाषा त्याला मोडकीतोडकीच येत होती, पण एवढं कळलं: ती काही झाकत नव्हती, काही वाढवतही नव्हती, जसं त्याने सांगितलं तसंच सांगत होती. एकेकाचं हसू उतरत गेलं. शिंपीकाकांनी त्याचा हात सोडला, कारण बोलायला त्यांना स्वतःचा हात लागत होता. त्यांनी एक लहानशी खूण केली.

“काय म्हणतात?” त्याने विचारलं.

“विचारतायत, का,” ताई म्हणाली.

आणि ते सगळे त्याच्या तोंडाकडे बघत थांबले.